वल्हा कोणाच्या हातात

मे महिन्यात गावाला गेली होती. आमचं गाव वैनगंगेच्या काठी, पवनीच्या खालच्या अंगाला. उन्हाळ्यात पाणी वर गोसे धरणालाच अडून राहतं, मग आमच्याकडे नदीतले सगळे काळे खडक उघडे पडतात आणि मधातून एकच धार तेवढी जोरात वाहत राहते. संध्याकाळी घाटावर बसली होती. चुलतभाऊ आणि दोघं-तिघं जाळं झटकत होते, आणि त्याची चौथीतली पोरगी, आमची चिंगी, आणि तिच्या काकाचा बंटी, दोघांनी खुंटीचा डोंगा सोडला आणि पाण्यात नेला. वल्हा चिंगीच्या हातात होता. मी सहज पाहत होती, आणि मग पाहतच राहिली. पोरगी धारेशी भांडलीच नाही. काठाकाठानं, जिथं पाणी हळूच उलटं फिरतं, तिथून ती डोंगा वर घेऊन गेली, मग तोंड थोडं तिरपं करून धारेत घातलं, धारेनं डोंगा आडवा ढकलला, आणि तिनं एकच वल्हा असा खोल दाबून धरला की डोंगा गपकन वळून मधल्या मोठ्या खडकाच्या मागे जाऊन उभा राहिला. दोन्ही बाजूनं पाणी धावतंय आणि डोंगा जागच्या जागी. तिनं मान वळवून आमच्याकडे पाहिलं. भावानं पण पाहिलं. आणि एकदम साध्या आवाजात, लाडानंच म्हणाला, "चिंगे, दे आता तो वल्हा बंटीले, तू समोर सरक."

तिनं दिला. काही बोलली नाही, वल्ह्याचं पाणी झटकून नीट त्याच्या हातात दिला आणि समोर जाऊन बसली.

बंटीनं धारेत घातल्या घातल्या डोंगा आडवा झाला आणि खडकाला धडकला, आणि घाटावरचे सगळे उठून उभे राहिले, "अबे डावीकडून मार", "दाबून धर, दाबून", "घाबरू नोको बे", असा सगळा घाट त्याला शिकवायला लागला. चार-पाच माणसं एका पोराला शिकवत होती. तो शिकेलच, कोणीही शिकेल एवढ्या प्रेमानं शिकवलं तर. आणि चिंगीनं जे केलं होतं त्यावर कोणीच काही बोललं नाही, चांगलं नाही की वाईट नाही. माझ्या डोक्यात तेच राहिलं. भाऊ रागावला असता, "पोरीच्या जातीनं" वगैरे म्हणाला असता तर मी तिथंच भांडली असती, भांडायची मला सवय आहे. पण तो रागावला नाही ना. त्यानं नुसती जागा बदलली. एवढी सवयीची गोष्ट होती ती की त्याला स्वतःला पण कळलं नसेल आपण काय केलं ते.

आमच्या बाबांचा डोंगा होता. आम्ही ढिवर, नदीशिवाय आमच्या घरात दुसरं काही नव्हतंच म्हणा. मी लहानपणी समोर बसायची, माझ्याजवळ डालड्याचा डबा असायचा, पाणी झिरपलं की उपसून टाकायचं. ते काम पोरींचं. बाबा मागे, उभे नाहीतर एक गुडघा टेकून, आणि वल्हा एकच, एकाच बाजूनं मारायचे, तरी डोंगा सरळ जायचा. ते कसं होतं हे मला फार नंतर कळलं, प्रत्येक वल्हा मारून झाला की शेवटी ते मनगट थोडं बाहेर वळवायचे, तेवढ्यानं डोंग्याचं तोंड परत जागेवर यायचं. भरल्या पाण्यात पल्याड जायचं असलं तर ते समोरच्या घाटाकडे तोंड करून कधीच निघायचे नाहीत. आधी आपल्याच काठानं वर, बरंच वर, झाडांच्या मुळांजवळून, आणि मग डोंगा तिरपा करून धारेला देऊन टाकायचे. धारच न्यायची आम्हाला. ते फक्त तो तिरपेपणा सांभाळायचे, जास्त तिरपा झाला तर धार गिळणार, कमी झाला तर तिथंच अडकून दम जाणार. मी समोर बसून पाण्याचा रंग पाहत असायची. जिथं पाणी काचेवानी गुळगुळीत होऊन वाकतं तिथं खाली खडक आहे, जिथं फेस वर चढताना दिसतो तिथं पाणी उलटं आहे. मला कोणी शिकवलं नाही. डबा हातात घेऊन तोंड समोर करून बसवलं की दुसरं पाहणार काय.

आणि आमच्या घाटावर बायका काही पाण्याबाहेर नव्हत्या. आई कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून झिंगे काढायची, जाळ्याची फाटलेली घरं सांधायची, पहाटे टोपलं डोक्यावर घेऊन बाजाराला जायची, भाव करायची, पैसे तिच्याच कनवटीला असायचे. उन्हाळ्यात नदीच्या रेतीत डांगरवाडी लागायची तेव्हा तर दिवस-रात्र तिकडेच. डोंग्यात चढायची तेव्हा चढायची, उतरायची, सामान ठेवायची, फक्त मागच्या जागेवर बसायची नाही. ती जागा कोणी नाकारली होती असं नाही, तिच्यावरून कधी वाद झाला असंही नाही. कोणी विचारलंच नव्हतं.

तर 2021 च्या जुलैमध्ये, 29 तारीख होती, दुपारी मेरी कोमची फाइट होती टोकियो ऑलिंपिकला. रोवणीचे दिवस, बाहेर झड लागलेली, लाइट जाऊन-येऊन. फाइटला वेळ होता म्हणून मी मोबाइलवर असंच चाळत होती आणि एक बाई दिसली, गुडघे टेकून नावेत बसलेली, हातात एका पात्याचा वल्हा, आणि ती धारेच्या वर चढत होती. वर, पाणी येतंय त्या दिशेनं. लाल-पांढरे दोन दांडे वरून लटकत होते, ती त्यांच्या खालच्या बाजूनं खडकामागच्या उलट्या पाण्यात शिरली, वल्हा खोल रोवला, अंग वळवलं आणि दोन दांड्यांच्या मधून फिरून परत धारेत. माझ्या अंगावर काटा आला हो. हे मला माहीत होतं! नाव वेगळी, पाणी वेगळं, देश वेगळा, पण तो खोल दाबून धरलेला वल्हा मी हजारदा पाहिला होता. ती जेसिका फॉक्स होती, ऑस्ट्रेलियाची. मेरी कोम त्या दिवशी हरली, त्याचं फार वाईट वाटलं, पण रात्री झोपताना डोळ्यापुढे ती लाल फाटकंच होती.

या खेळाला कॅनो स्लॅलम म्हणतात. साधारण तीनशे मीटरचं खवळलेलं पाणी, त्यावर तारांना लटकवलेली अठरा ते पंचवीस फाटकं. हिरवी-पांढरी असली तर धारेसोबत जायचं, लाल-पांढरी असली तर धारेच्या उलट. दांड्याला नाव, वल्हा, अंग, जाकीट, काहीही लागलं की 2 सेकंद दंड, फाटक सुटलं तर 50 सेकंद, म्हणजे संपलंच. कयाक म्हणजे बसून, दोन पात्यांच्या वल्ह्यानं. कॅनो म्हणजे गुडघ्यावर, एका पात्याच्या. नाव साडेतीन मीटरची, वजन आठेक किलो, आमच्या डोंग्याला दोन-तीन माणसं लागतात हलवायला आणि ही बाई आपली नाव खांद्याला अडकवून चालत जाते. जोर लावून कोणी जिंकत नाही इथं. खडकामागचं पाणी कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं ती रेघ ज्याला दिसते तो जिंकतो. ती रेघ टीव्हीवर दिसत नाही नीट, पण नदीकाठच्या माणसाला दिसते.

मग मी तिच्याबद्दल जे मिळेल ते वाचत गेली. जन्म 1994, फ्रान्समधलं मार्सेय. बाप रिचर्ड फॉक्स, ब्रिटनकडून कयाकमध्ये एकट्याच्या शर्यतीत पाच वेळा जगज्जेता. आई मिरियम, फ्रान्सची, 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये कयाकमध्ये ब्राँझ. सिडनी ऑलिंपिकच्या आधी बापाला ऑस्ट्रेलियात कोचचं काम मिळालं आणि चार वर्षांची जेसिका सिडनीजवळ पेनरिथला आली. आईबाप दोघं या पाण्यातले म्हणून पोरगीनं लगेच वल्हा धरला असं नाही, ती पोहायची, जिम्नॅस्टिक्स करायची. हात मोडला, आणि हाताला ताकद यायला म्हणून कयाक मारून पाहा असं झालं, तिथून ती परत बाहेर आलीच नाही. पेनरिथचा तो स्लॅलमचा मार्ग 320 मीटरचा, 2000 च्या ऑलिंपिकसाठी बांधलेला, पाणी पंपानं वर चढवतात आणि खाली सोडतात. आणि तो परिसर म्हणजे आधी रेती-गिट्टीच्या खाणी होत्या. ते वाचून मी थांबली. रेती काढून झाल्यावर उरलेल्या खड्ड्यांची त्यांनी तळी केली, तळ्याकाठी नदी बांधली, आणि त्या नदीत पोरी शिकल्या. आमच्याकडे रेतीघाटातून रात्रभर ट्रॅक्टर चालतात, उरलेल्या खड्ड्यात दर पावसाळ्यात कोणाचं ना कोणाचं पोरगं जातं. यावर जास्त लिहीत नाही, लिहायला बसली तर दुसरा लेख होईल.

आईच तिची कोच. मला हे फार आवडतं. कोचला पाण्यात जागा नसते, तो काठानं पळत पळत ओरडत जातो. म्हणजे एक बाई आयुष्यभर वल्हा मारून आता काठावर उभी आहे आणि पाण्यातल्या लेकीला सांगतेय, आता वळ, आता सोड.

पण माझ्या डोक्यात जे बसलं ते तिच्या पदकांपेक्षा वेगळं आहे. 2012 ला लंडनमध्ये ती अठरा वर्षांची, कयाकमध्ये सिल्व्हर. त्याच शर्यतीत चेक देशाची श्तेपांका हिल्गेर्तोवा होती, वय 44, सहावं ऑलिंपिक, 1996 आणि 2000 ची गोल्ड. एका पाण्यात अठरा आणि चव्वेचाळीस, किती सुंदर गोष्ट आहे ही. पण दोघींपुढे शर्यत एकच होती, कयाक. पुरुषांना तीन: कयाक, एकट्याची कॅनो, दोघांची कॅनो. बायकांना एक. हे 1972 पासून असंच. तेव्हा जर्मनीत आउग्सबुर्गला पहिल्यांदा हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला, नदीतलं बर्फ वळवायला जो कालवा होता त्याचाच मार्ग बनवला होता, आणि पूर्व जर्मनीवाल्यांनी आपल्या देशात त्वीकाउला हुबेहूब तसाच मार्ग बांधून त्यावर सराव केला, आणि येऊन चारच्या चार गोल्ड घेऊन गेले. चारपैकी तीन पुरुषांची, एक बायकांची, अँगेलिका बाहमान. नंतर वीस वर्षं खेळच बाहेर. 1992 ला बार्सिलोनाच्या वेळी परत आला तेव्हा पण तीन आणि एक. अटलांटा, सिडनी, अथेन्स, बीजिंग, लंडन, रिओ, तीन आणि एक, तीन आणि एक.

बायका गुडघे टेकून एका पात्याचा वल्हा मारत नव्हत्या का? मारत होत्या. पण कारण ठरलेलं असायचं, पुरेशा बायका खेळत नाहीत. शर्यतच नाही तर बायका कशाला येतील, आणि बायका नाहीत तर शर्यत कशाला ठेवतील. 2010 ला जागतिक स्पर्धेत बायकांची कॅनो पदकासाठी आली, पहिली जगज्जेती स्लोव्हाकियाची याना दुकातोवा. जेसिका 2013 ला जिंकली, 2014 ला जिंकली, 2015 ला जिंकली, 2014 ला तर कयाक आणि कॅनो दोन्ही. आणि 2016 ला रिओ आलं, जगातली सगळ्यात चांगली कॅनोवाली बाई तिथं हजर, पाणी हजर, फाटकं लटकलेली, त्याच फाटकांतून पुरुषांच्या कॅनो जातायत. हिच्यासाठी ती शर्यत कार्यक्रमात नाही. ती कयाकमध्ये उतरली, ब्राँझ आणलं.

घाटावर चिंगीनं वल्हा झटकून दिला तेव्हा मला हे रिओ आठवलं.

टोकियोला बायकांची कॅनो आली. त्यासाठी पुरुषांची दोघांची कॅनो काढली. हे वाचून मला नुसता आनंद झाला असं म्हणू शकत नाही. स्लोव्हाकियाचे होख्शोर्नर नावाचे जुळे भाऊ, पावोल आणि पेटर, 2000, 2004, 2008, तीन वेळा गोल्ड, जुने व्हिडिओ पाहिले त्यांचे. पुढचा आणि मागचा एकमेकांशी बोलतही नाहीत, एकाच्या पाठीवरून दुसऱ्याला कळतं. बाबा मागे आणि मी समोर, मला त्यात तेच दिसलं. आता ऑलिंपिकमध्ये तशी नाव नाही. जागा द्यायची तर कोणाची तरी गेलीच पाहिजे, हा हिशेब कोणी ठरवला कोण जाणे, आणि तो नेहमी खालच्या दोघांमध्येच का लावतात. तरी जर मला निवडायला सांगितलं असतं तर मी बायकांची कॅनोच निवडली असती, दुसऱ्यांदा विचार न करता. पन्नास वर्षं थोडी नसतात.

टोकियोत कयाकची शर्यत आधी झाली. तिथं जेसिका पाण्यात सगळ्यांपेक्षा जलद होती, पण दोन दांड्यांना लागली, 4 सेकंद चढले, 106.73. गोल्ड जर्मनीच्या रिकार्डा फुंकला 105.50 मध्ये. हिचे दंडाचे काढले तर 102.73 होतात. दोन हलके स्पर्श, आणि ब्राँझ. दोन दिवसांनी कॅनो. ती सगळ्यात शेवटी उतरली, एकाही दांड्याला न लागता 105.04, दुसरी आलेली ब्रिटनची मॅलरी फ्रँकलिन 108.68. या खेळात साडेतीन सेकंद म्हणजे फार झाले. खाली येऊन ती तोंडावर हात धरून बसली. तिच्या पाठीमागे किती जणींची न झालेली शर्यत होती असं मला वाटलं, त्यातल्या कितीतरी जणी वय होऊन घरी गेल्या असतील.

त्याच दिवसांतला तिचा एक छोटा व्हिडिओ आहे, नावेचं टोक घासून खराब झालेलं, त्यावर कार्बनचा लेप लावला आणि लेप बसावा, गुळगुळीत राहावा म्हणून वरून चक्क निरोध ओढून बसवला. लोकांना त्याची गंमत वाटली. मला आमचं अंगण आठवलं. पावसाळ्याआधी डोंगा पालथा घालून बाबा फटी पाहायचे, बोट फिरवून, उजेड आरपार येतो का पाहून, मग जुन्या धोतराची चिंधी पिळून फटीत ठोकायची आणि वरून तापवलेलं डांबर. डांबर कालवायला मी असायची. बोटाला चिकटलेलं घासलेटनं निघायचं, वास दोन दिवस जायचा नाही, शाळेत पोरी नाक धरायच्या. नाव ज्याची आहे त्याला ती फट स्वतःच्या हातानं बुजवल्याशिवाय चैन पडत नाही, ऑलिंपिकची असो की आमची.

टोकियो खरं तर 2020 ला व्हायचं होतं. ते झालं नाही, आणि त्या ऑगस्टच्या शेवटी आमच्याकडे पूर आला. गोसेचे सगळे 33 दरवाजे उघडले होते, भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी, गडचिरोलीपर्यंत गावंच्या गावं पाण्यात. ज्यांनी पाहिला त्यांना सांगायची गरज नाही. आमच्या खालच्या आळीत छातीएवढं पाणी. बचाववाल्यांच्या मोटारबोटी यायच्या आधी डोंगे निघाले. आणि आमच्या शेजारची मावशी, नवरा तेव्हा बाहेरगावी कामावर, ती एकटी डोंगा घेऊन गल्लीतून गेली. गल्लीत पाणी कसं असतं, घरांच्या कोपऱ्यावर भवरे, विजेचे खांब, कुठं तारेचं कुंपण खाली बुडालेलं. ती शेळ्या सोडून आणायला गेली होती, येताना दोन म्हाताऱ्या बायका पण घेऊन आली. त्या दिवशी तिला कोणी म्हटलं नाही की वल्हा दे. कोण म्हणणार. पाणी उतरल्यावर कोणाकोणाचे फोटो पेपरात आले, कोणाकोणाचा सत्कार झाला, मावशी मात्र घरातला चिखल काढत होती. नंतर कधी विषयच निघाला नाही त्याचा.

चिंगीच्या त्या संध्याकाळी जेवताना मी भावाला विचारलंच. भांडून नाही, नीट विचारलं. तो ऐकून घेत होता, भाकर मोडत होता. मग म्हणाला, "शिकव ना मंग तिले. कोण नाही म्हणते? आता डोंग्यात ठेवलं काय हाये, ताई?" याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं, आताही नाही. धरण झाल्यापासून मासा पहिल्यासारखा लागत नाही, पाणी कधी सुटेल कधी अडेल त्याचा नेम नाही, घाटावरचे अर्धे डोंगे पालथे पडलेत, जवान पोट्टे मिरची तोडायला तेलंगणात जातात. डोंग्यावर घर चालत होतं तेव्हा मागची जागा पोरींना दिली नाही, आणि आता तिथं काही उरलं नाही तर घे म्हणे. भाऊ वाईट माणूस नाही, तो खरं तेच बोलला, म्हणून जास्त लागलं. पण मला असंही वाटतं की आता तरी घेऊ. पेनरिथच्या पाण्यात कुठला मासा आहे? तिथं कोणाचं पोट पाण्यावर नाही, तरी ते लोक पंप लावून नदी वाहती ठेवतात, कारण वल्हा मारणं ही स्वतःच एक मोठी गोष्ट आहे असं त्यांना वाटतं. आणि तेवढं लांब कशाला, आपल्या शेजारी मध्य प्रदेशात महेश्वरला, नर्मदेच्या सहस्रधारेत, खऱ्या खडकांत फाटकं टांगून हाच खेळ चालतो, पोरी खेळतात. आमच्या वैनगंगेला पण खडक आहेत. भावाला महेश्वरचे व्हिडिओ पाठवले. त्यानं उत्तरात लाइफ जाकीट कितीला भेटते विचारलं. नागपूरला चौकशी करून ठेवली आहे, लहान मापाचं जाकीट पाहिजे, मोठ्या माणसाचं पोरीच्या डोक्यातून वर निघून जातं.

आईला मात्र मी टोकियोचा तो व्हिडिओ फार उशिरा दाखवला. ती अशा गोष्टी पाहत नाही, मोबाइलमध्ये तिला फक्त नातवंडं पाहायची असतात. पॅरिस झाल्यावर दाखवला, 2024 ला जेसिकानं तिथं कयाक आणि कॅनो दोन्ही गोल्ड घेतली आणि धाकटी बहीण नोएमीनं कयाक क्रॉस नावाच्या शर्यतीत तिसरं गोल्ड घेतलं, एका घरात तीन गोल्ड, ते मला आईला सांगायचं होतं. सांगितलं. आईनं "बरं हाये" म्हटलं आणि चष्मा लावला. मी टोकियोची कॅनो लावली. सुरुवातीला ती म्हणाली, "गुडघे दुखत नसन का व हिचे?" रोवणीत वाकून वाकून तिचे स्वतःचे गेले आहेत म्हणून तिला आधी तेच दिसलं. मग गप्प झाली. पहिलं लाल फाटक आलं आणि गेलं. दुसऱ्याला तिचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला, मनगट बाहेर वळलं, बाबा वळवायचे तसं. तिसऱ्याला जेसिका खडकामागच्या पाण्यात शिरायच्या आधीच आई म्हणाली, "दाब!" आणि तिकडे तिनं दाबला.

मी आईकडे पाहिलं. म्हटलं, "आई, तू तर कधी मागे बसली नाहीस, तुला कसं माहीत?"

ती माझ्याकडे पाहायलाच तयार नव्हती, डोळे मोबाइलवर. "समोर बसून मी काय झोपत होती काय एवढी वर्षं?" मग शर्यत संपली, जेसिकानं तोंडावर हात धरले, मी आता रडू येईल म्हणून तयार होती, पण आईला त्यात काही रस नव्हता. तिनं बोटानं स्क्रीनवर मागे ढकलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मोबाइल माझ्या हातात दिला. "ते मधातलं लाल फाटक आलं ना, तिथं थोडी उशिरा वळली ते. पुन्हा लाव, दाखवतो तुले."